शीत संमेलन

गल्लीत त्यांना सगळे ‘जडपाणी’ म्हणत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यात जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर तोंडी एकच विषय: बरणीतल्या जड पाण्यात, भट्टीबिट्टी न पेटवता, अणूंची केंद्रकं एकजीव होतात का, आणि होत असतील तर कशी. वाचनालयाच्या माडीवर त्यावर त्यांचं मासिक व्याख्यान असे. मागच्या खेपेला ऐकायला बायको आणि पहारेकरी. त्यातला पहारेकरी घोरत होता. या खेपेला खोली भरली नाही तर ती योगवर्गाला जाणार, असं चिटणीसबाईंनी बजावलं होतं.

खोली भरली. व्याख्यानाचं नाव ‘शीत संमीलन’, म्हणजे केंद्रकांचं थंडपणीच एकजीव होणं; पाटी रंगवणाऱ्याला ती चूक वाटली, म्हणून त्यानं आपल्या अकलेनं ‘शीत संमेलन’ करून टाकलं. लोक थंड सरबताच्या आशेनं आले होते. जडपाणी बोलायला उठले. सोपं करून सांगा, बायको पुटपुटली.

“दोन केंद्रकं म्हणजे दोन जावा,” त्यांनी सुरुवात केली. “एकमेकींचं तोंड बघत नाहीत. सूर्याच्या पोटात उष्णतेची दांडगाई, म्हणून तिथे भिडतात. बरणीत कशा भिडतील? एक मत असं, की बरणीत बुडवलेल्या पॅलेडियम धातूच्या आत इतकी दाटी होते, की पदराला पदर लागतोच. दुसरं, इलेक्ट्रॉन मध्ये पडदा धरतात. तोंडच दिसलं नाही तर भांडण कुठलं? तिसरं, एकीचा वीजभार उतरतो, मग ती कुणाच्याच पक्षाची न राहता मागच्या दारानं आत शिरते.”

सरबत कुणाला आठवेना. तेवढ्यात गल्लीतल्या शिंप्यानं विचारलं, “पण काका, हे खरंच होतं का?”

दारात चिटणीसबाई उभ्या होत्या. नुसतं ‘हो’ म्हटलं की खोली आपली, हे जडपाणींना कळत होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“सांगता येत नाही. एकाची बरणी तापते म्हणे, दुसऱ्याची ढिम्म. पाळणा हललाय की नाही कुणाला ठाऊक नाही, आणि आम्ही बाळ कुणावर गेलंय यावर भांडतोय.”

माडी हसण्यानं हादरली. शिंपी पडद्याच्या बाजूनं झाला, त्याची सासू मागच्या दाराच्या, आणि दोघांची अशी जुंपली की शेवटी चिटणीसबाईंनी दिवे मालवले. जिना उतरताना म्हणाल्या, “पुढच्या महिन्यातही तुम्हीच या.”

घराकडे येताना जडपाणी मागे रेंगाळत होते. बायकोनं कारण विचारलं.

“माझ्याजवळची सगळी मतं आज सांगून संपली गं.”

“मग एक स्वतःचं काढा,” ती म्हणाली. “बाकीच्यांना कुणी अडवलं होतं?”