अर्धविरामापुढचे वीस

लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे टीपाबाई म्हणत. प्रोग्राम असेम्ब्ली भाषेत, म्हणजे ओळीमागून ओळ नुसते तुटक शब्द आणि आकडे. टीपाबाई प्रत्येक ओळीनंतर अर्धविराम देऊन ती ओळ कशासाठी आहे याची टीप लिहायची. अर्धविरामापुढचं यंत्र वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. पण शेजारच्या टेबलावरचा घाईबहाद्दर माणूस असून वाचायचा नाही, आणि यावरून दोघांचं रोज वाजायचं.

डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि टीपाबाई पट्टी बांधून घरी पडली. स्क्रीन बघायची बंदी. पडल्या पडल्या तिला एकदम आठवलं. चाचणीत केबिन घसरली होती म्हणून ब्रेक धरण्यासाठी थांबायची वेळ तिने वीस शतांश सेकंदांवरून चाळीसवर नेली होती. आकडा बदलला, टीप मात्र तशीच राहिली: 'ब्रेक धरेपर्यंत वीस थांब.' जन्मभर दुसऱ्यांना टिपांवरून झापणाऱ्या बाईची ही गत. आणि आज घाईबहाद्दर तोच प्रोग्राम हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये घालणार होता. नेमकी आजच टीप बघून त्याने आकडा 'दुरुस्त' केला, तर स्ट्रेचर अर्धं बाहेर असताना केबिन खाली घसरणार.

"अहो, घाईबहाद्दरला फोन लावा आधी," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने लावला, तिच्या कानाशी धरला.

"लिफ्ट सुरू केलीस?" तिने विचारलं.

"सकाळीच. माणसं ये-जा करतायत."

ती उठून बसली. "ब्रेकच्या ओळीत किती आहे?"

"चाळीस. का हो?"

"टिपेत वीस आहे ना."

"असेल. ताई, तुमच्या टिपा मी कधी वाचल्यात?"

टीपाबाईच्या जिवात जीव आला. त्याच्या ज्या खोडीवर ती इतकी वर्षं जळफळत होती, तिनेच आज लाज राखली होती, आणि तिला त्याचा भारी राग आला, प्रेमही आलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "टिपेतलं वीस खोड, चाळीस लिही. आणि बाकीच्या ओळी आता वाच, मेल्या. दरवेळी असं नशीब नसतं."

"वाचतो," तो म्हणाला. मागोमाग टाइप केल्याचा आवाज आला.

नवऱ्याने हळूच आठवण करून दिली की डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलंय.

"मी कुठे रडतेय," ती म्हणाली, आणि रुमालासाठी हात पुढे केला.