दुप्पट झालेले पेंग्विन
इथे आखातात, मरीनावर, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, आइस्क्रीमच्या गाडीवर पेंग्विनचं चित्र दिसलं की मी नजर चुकवतो. नोकरी नवी, प्रोबेशनवरची. काम एवढंच, की दक्षिण ध्रुवाकडे विमानातून काढलेल्या फोटोंत घरट्यांवर बसलेले पेंग्विन मोजायचे. वरून पेंग्विन म्हणजे काळा ठिपका. मी ठिपके मोजले आणि वस्ती दुप्पट झाल्याचं जाहीर केलं. मूळच्या रत्नागिरीच्या आमच्या बॉसने खूश होऊन क्लायंटला कळवलंही. घरी तोच फोटो मी लेकीला मिरवत दाखवला, तर ती म्हणाली, “बाबा, हाफ ऑफ दीज आर शॅडोज.” फोटो संध्याकाळचा होता, प्रत्येक पेंग्विनशेजारी त्याची सावली पडलेली. सकाळी नोकरी गेलीच असं धरून बॉसला सगळं सांगितलं. चहा संपवून तो म्हणाला, “हबीबी, निम्मे मेले कसे, ते आता क्लायंटला तूच सांग.” नोकरी टिकली, पण बिर्याणीला किती माणसं येणार, हे घरात अजून मला कुणी मोजू देत नाही.