मेहुण्याची अर्धवट वेबसाईट

माझ्या बायकोचा भाऊ अनुपम दहिवलीत राहतो आणि वेबसाईट बनवतो, असं तोच सांगतो. नवं टूल आलं की केलेलं सगळं मोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, एवढाच त्याचा उद्योग. लॅपटॉपवर स्टिकर मात्र इतके, की ट्रकवाला लाजेल.

काल संध्याकाळी शिळफाट्याच्या हॉलमध्ये डेव्हलपरांचा मेळावा होता. मलाही ओढून नेलं. नव्या टूलवरचं भाषण संपताच हा उठला.

"एकुलत्या एका बहिणीच्या लग्नाची वेबसाईट करतोय. हे टूल चालेल का?"

वक्ता खूश झाला. "वा! लग्न कधी आहे?"

हा हळूच खाली बसू लागला. शेवटी मीच शेजारी बसलेल्या माझ्या लेकीला उभं केलं. म्हटलं, "झालं की! ही यंदा पहिलीत गेली."