दारात थांबलेला व्हॅम्पायर

बदलीच्या नोकरीत सामान दर वेळी थोडं मागे सोडावं लागतं. कुंड्या, कूलर, एखादं कपाट. किश्श्यांचं मात्र तसं नाही. त्यांना खोका लागत नाही, ट्रक लागत नाही, म्हणून ते साठतच जातात. चंदीगडच्या चार वर्षांत माझ्याकडे जेवढे साठले, त्यातले निम्मे एकाच पिक्चरचे आहेत.

आम्ही चौघी मराठी बायका. महिन्यातून एका शनिवारी दुपारी नलिनीताईंकडे पिक्चर बघतो. त्या सगळ्यांत मोठ्या. त्यांचे यजमान हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. नियम त्यांचाच. पिक्चर संपला की प्रत्येकीने एक चांगलं सांगायचं, एक उणं. "नुसतं 'छान होता' म्हणणारीला चहा नाही."

त्या पिक्चरच्या शनिवारी मात्र आम्ही तिघीच होतो. चौथी, वसुधा, गणपतीपासून येत नव्हती.

* * *

पिक्चर निवडायचं काम माझ्या मुलीचं, ऋचाचं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर ती हिंदीत देते. मी सांगितलं होतं, मारामारी नको, काहीतरी घरगुती लाव.

"फॅमिली की ही स्टोरी है, मम्मी. पक्का."

खोटं नव्हतं. नवरा, बायको, भाड्याचा फ्लॅट, खालच्या मजल्यावर कटकटी शेजारीण. फक्त नवरा व्हॅम्पायर होता.

* * *

आमची सुषमा नागपूरची. तिचे मिस्टर औषधांच्या संशोधनात, घर प्रयोगशाळेला लागूनच, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत ती कोणाला सोडत नाही. पिक्चरमधला व्हॅम्पायर काही कोणाच्या मानेला चावत नाही. तो रक्ताच्या पिशव्या आणतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो. मला हे बरं वाटलं. भूक आहे, पण तिला आवर घातलाय.

सुषमा मात्र उठून टीव्हीजवळ गेली. "चारशे वर्षांचा माणूस अन् कापलेली पिशवी दुधाच्या बाजूले उघडी ठेवते? क्लिप लावता येत नाही काय याले?"

हे उणं ठरलं. चांगलं काय, विचारल्यावर म्हणाली, "फ्रीज तरी स्वतः पुसते वो तो."

* * *

आरशात तो दिसत नाही, पण भांग प्रत्येक प्रसंगात सरळ. नलिनीताईंनी हे पहिल्या दहा मिनिटांत पकडलं. "मग हा भांग कोण पाडतं?"

आम्ही खूप हसलो. पुढे पाऊण तासाने कळलं की बायको पाडते. ती साधं माणूस, ती म्हातारी होत जाते, तो तसाच राहतो. शेवटी तिचा हात थरथरायला लागतो आणि त्याचा भांग पहिल्यांदा वाकडा दिसतो. तो तसाच कामावर जातो.

नलिनीताईंनी चष्मा काढला. "उणं काढायची मी जरा घाईच केली," म्हणाल्या.

* * *

माझं उणं असं होतं. शेजाऱ्यांना आपलं वय कळू नये म्हणून तो दर काही वर्षांनी शहर बदलतो, आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे दोनच बॅगा. मी म्हटलं, "हे काही पटत नाही. माझ्या तीन बदल्यांत नुसते डबेच बावीस झाले."

चांगलंही त्यातलंच होतं. नव्या घरात शिरल्यावर तो आधी जुना पडदा खिडकीला लावून बघतो. वीतभर आखूड पडतो. तो हाताने ओढून बघतो, जणू ओढल्याने पुरेल. बदलीच्या घरात वाढलेल्या माणसानेच हे सुचवलं असणार, असं मला वाटलं.

* * *

जानेवारीत इथे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. धुक्यात समोरचा पार्कसुद्धा दिसत नाही. सुषमाने ग्रुपवर लिहिलं, "आपणबी आता व्हॅम्पायरच झालो." नलिनीताईंनी उत्तर दिलं, "तो उन्हाला घाबरतो. आपण उन्हाची वाट बघतो. एवढा फरक ठेवा."

वसुधाही त्या ग्रुपमध्ये आहे. सगळं वाचते, लिहीत काही नाही. त्या दिवशी मात्र तिने लिहिलं, गुवाहाटीला बदली झाली, शुक्रवारी ट्रक येतोय.

* * *

आता तो एक प्रसंग, ज्यावर आमचं एकमत झालं नाही. आत बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला कोणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. मित्राला तो काहीतरी लागट बोललेला असतो. वर्षाने त्याच्या दारात जातो. मित्र दार उघडतो, पण 'ये' म्हणत नाही. हा मिनिटभर उभा राहतो आणि निघून जातो.

ऋचा म्हणाली, "कितना बोरिंग. सॉरी बोल देता, बस."

सुषमा म्हणाली, त्या मित्राचंच चुकलं. मी चहाचा कप हातात धरून बसले. गणपतीत वसुधाने पहिल्यांदा एकटीने एकवीस मोदक केले होते. कळ्या बसल्या नव्हत्या. वीस माणसांसमोर मी म्हणाले होते, "मोदक केलेस की मोमो?" सगळे हसले. तीही हसली. ताट तिने झाकून परत नेलं.

"शैला, चहा गार होतोय," नलिनीताई म्हणाल्या.

* * *

गुरुवारी मी बसने शेजारच्या खरड गावी, वसुधाच्या घरी गेले. चौथा मजला. दाराबाहेर दोरीने बांधलेले खोके. बेल वाजवली. वसुधाने दार उघडलं. हातात चिकटपट्टी, केसांना धूळ. ती 'ये' म्हणाली नाही. चप्पल काढावी की नको, तेही कळेना.

"तुमचा तो पिक्चर मी पाहिला," ती म्हणाली. "एकटीनेच."

"मग? चांगलं काय?"

"पडदा."

"आणि उणं?"

तिने चिकटपट्टीचं टोक नखाने शोधलं. सापडलं, पुन्हा हरवलं.

"मिनिटभर थांबला आणि गेला, हे उणं. पुन्हा बेल वाजवायला काय झालं होतं त्याला?"

दार उघडंच होतं, ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी बाजूला हात नेला आणि बेल पुन्हा वाजवली.

वसुधाने माझ्याकडे बघतच विचारलं,

"कोण आहे?"

"मोमोवाली," मी म्हणाले.