सैल जाळी

पक्षी पाळणाऱ्या मित्रांनो, आज एक पिंजरा सुटा करून आलो आणि दुपारचा डबा तसाच राहिला.

आपल्या सोलापुरातले एक आजोबा. जन्म यंत्रमागावर गेला. माग बंद झाल्यावर अंगणात लव्हबर्ड्ससाठी माणूसभर उंच पिंजरा त्यांनी माझ्याकडून करून घेतला. हट्ट एकच, "समोरची जाळी सैल ठेव." मी लई वाद घातला, ते आपलं तेच वाक्य परत म्हणायचे. सैल जाळी म्हणजे कच्चं काम! शेवटी वैतागून तशीच ठोकली आणि लाजेनं त्याचा फोटोही कुठं टाकला नाही.

गेल्या महिन्यात आजोबा गेले. पक्षी मोहोळच्या लेकीनं नेले. आज सुनेनं पिंजरा काढायला बोलावलं.

मी म्हणालो, "ही जाळी तेव्हाच ताणायला पाहिजे होती."

"मागाच्या खडखडाटानं मामांचे कान पार गेले होते की," ती म्हणाली. "पाखरांचा आवाज कुठला ऐकू येतोय? जाळीला हात लावून बसायचे. पाखरू येऊन लटकलं की जाळी हलायची, मग हसायचे."

पक्कड खाली ठेवून मी जाळीला तळहात लावला. काहीच हललं नाही.

बाकीची जाळी भंगारात जाईल. समोरचा तुकडा तेवढा घरी आणलाय. तुम्हीच सांगा, तो आता कुणाच्या पिंजऱ्याला लावू?