थांबाकाका आणि चारचा वर्ग

थांबाकाकांबद्दल त्यांच्या इंटरनेटच्या कंपनीत कोणी चांगलं बोलत नसे. दिवसाला दहा तक्रारी मिटवायच्या असा तिथला नियम, आणि हे गृहस्थ चारावर अडकलेले. साहेब रोज फोनवरून त्यांचा उद्धार करायचे. पण काका ज्या घरी जाऊन आले, त्या घरातून पुन्हा तक्रार गेली असं सहसा झालं नाही. साहेबांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता, त्याला काका तरी काय करणार?

नाव पडलं ते त्यांच्या सवयीवरून. नेट मंद झालं की घरातली माणसं आधीच घायकुतीला आलेली असतात. तंत्रज्ञ दारात दिसला की एक जण नेटची डबी, म्हणजे राउटर, बंद-चालू करायला धावतो, दुसरा वायर उपटतो, तिसरा शेजारच्यांना शिव्या घालतो. काका उंबऱ्यातच उजव्या हाताचा पंजा वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा." मग स्टूल मागून घेऊन डबीसमोर बसायचे. एका घरी रोज सकाळी अकराला नेट मरायचं. काका सलग दोन दिवस अकराला जाऊन नुसते बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या आजोबांना नम्रपणे सांगितलं, की दूध गरम करायचा मायक्रोवेव्ह डबीच्या शेजारून उचलून दुसऱ्या खोलीत न्या. संपलं! आजोबांचं दूधही राहिलं आणि नेटही.

बाईंच्या घरी ते आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

बाई ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवत. दूरदूरच्या वस्त्यांवरची नऊ मुलं, सहा-सात वर्षांची. रोज चार वाजता ती आपापल्या घरी पडद्यासमोर बसायची आणि बाई आपल्या मधल्या खोलीतून त्यांना खुणांच्या भाषेत गोष्ट सांगायच्या, गणित घ्यायच्या. आपल्यासारख्यांचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, काम भागतं. इथे हात अडकला की शब्दच गेला. बाई खुणेने "हत्ती नदीवर गेला" म्हणायच्या, तिकडे हत्ती अर्ध्या वाटेवर उभा राहायचा आणि नऊच्या नऊ मुलं कपाळाला आठ्या घालून बघत बसायची.

ऐकू न येणाऱ्या लोकांत माणसाला खुणेचं नाव असतं. ते नाव त्यांनीच द्यायचं, मागून मिळत नाही आणि आवडलं नाही म्हणून आपलं आपण बदलता येत नाही. मुलांनी बाईंना नाव दिलं होतं: दोन्ही हात छातीसमोर उचलायचे आणि अर्ध्यात तसेच धरून ठेवायचे. त्यात दुष्टावा नव्हता हो. बाई त्यांना तशाच दिसायच्या. बाई त्यावर मुलांबरोबर हसायच्या आणि वर्ग संपला की भाजी चिरताना रडायच्या.

दोन महिन्यांत कंपनीचे तिघे येऊन गेले. तिघांनी डबीजवळ उभं राहून आपल्या मोबाइलवर वेग मोजला, "शंभर येतंय, मॅडम, अजून काय पाहिजे?" म्हणाले आणि गेले. तिसऱ्याने जाता जाता मोठी योजना गळ्यात मारली. त्याने शंभराचे दोनशे झाले, हत्ती मात्र नदीपर्यंत पोचला नाही. शेवटी मुख्याध्यापिकांनी सांगितलं, की आज चारच्या वर्गाला मी स्वतः बसणार. चित्र पुन्हा अडकलं तर घरून शिकवणं बंद, मुलांना शाळेच्या वसतिगृहात आणायचं. त्या वाईट नव्हत्या. मुलांची वर्षं फुकट जाताना त्यांना बघवत नव्हतं, इतकंच. पण सहा वर्षांचं लेकरू, ज्याला फोनवर आईचा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही, ते आईपासून शंभर कोस लांब झोपवायचं, हे बाईंना सोसणारं नव्हतं.

"थांबा," काका दारातून म्हणाले.

"थांबायला वेळ कुठाय, काका? चारला वर्ग आहे!"

"म्हणूनच थांबा. रोज चारला घरात जे जे चालू असतं ते सगळं तसंच चालू करा. मी बघतो."

मग टीव्ही लागला. सासूबाई फोनवर आपल्या बहिणीचा चेहरा उघडून बसल्या. बाईंनी लॅपटॉप उघडला. काका स्टूलावर बसले आणि त्यांची नजर डबीवर गेली. डबीला चक्क स्वेटर होता. निळ्या लोकरीचा, अँटेनाच्या दोन्ही शिंगांना भोकं ठेवून विणलेला.

"धूळ बसते," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

"वीण सुरेख आहे, मावशी," काका म्हणाले. "पण हिला आधीच उकडतंय." त्यांनी स्वेटर अलगद उतरवला, घडी घातली आणि सासूबाईंच्या हातात दिला.

बाईंना वाटलं, सापडलं! त्या सासूबाईंकडे अशा काही बघायला लागल्या, की त्या माउलीने स्वेटर पदराआड लपवला. पण काकांनी मान हलवली. "स्वेटरचा नाही हो दोष. डबी गरम होती, पण दमली नव्हती. ताई, तुम्हाला सगळ्यांनी येतंय किती ते सांगितलं. जातंय किती, ते कोणी मोजलं?"

कोणीच मोजलं नव्हतं.

"तुमचे हात इथून मुलांकडे जायचेत ना? मग येतंय त्याचं काय लोणचं घालायचं? येणारा रस्ता रुंद असतो, जाणारी असते पायवाट. योजना वाढवलीत, तेव्हा रस्ता रुंद झाला. पायवाट होती तेवढीच राहिली." त्यांनी मोजलं. पायवाटेवर वेग वीसचा असायला हवा होता, होता जेमतेम अर्धा, पुरता एकही नाही. त्यांनी पिशवीतून लांब वायर काढून लॅपटॉप थेट डबीला जोडला. तरीही अर्धाच. "म्हणजे भिंतींचा दोष नाही. घरातच कोणीतरी पायवाट अडवून बसलंय."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आवाज बाईंपर्यंत पोचला: अजून त्याच घरात? काका शांतपणे म्हणाले, "हो साहेब, अजून इथेच." आणि फोन ठेवला. साडेतीन वाजले होते.

बाईंना राहवलं नाही. "काका, तुम्हाला बोलणी बसतात, मग कशाला एवढं बसता?"

काकांनी डबीवरची नजर काढली नाही. "तरुणपणी मी टेलिफोनच्या खांबांवर चढायचो. एका घरची लाइन जोडली, खाली उतरलो, झालं म्हणून लिहून दिलं आणि घरी गेलो. एक फोन लावून बघायचा, तेवढा नाही बघितला. सांधा कच्चा राहिला होता. त्या घरची मुलगी दवाखान्यात होती, आईबाप फोनपाशी बसून होते. फोन लागलाच नाही. त्यांना कळलं तेव्हा भेट व्हायची राहून गेली होती." मग ते म्हणाले, "तेव्हापासून मी काम झालं म्हणायच्या आधी बसून बघतो. साहेबांना हे सांगून काय उपयोग?"

बाईंना स्वतःच्या घाईची लाज वाटली.

"आता एकेक बंद करा," काका म्हणाले. टीव्ही बंद झाला. सासूबाईंनी बहिणीचा निरोप घेतला, त्यालाच पाच मिनिटं गेली. सगळे फोन बंद करून एका ताटात ठेवले. घर चिडीचूप झालं. डबीवरचा एक हिरवा दिवा मात्र लुकलुकतच होता.

"बघा," काकांनी बोट दाखवलं. "अजून कोणीतरी पाठवतंय. राहिला कोण?"

राहिला होता बाईंचा लॅपटॉप.

"तो नुसता उघडाय, काका. काहीच करत नाही."

काकांनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं ढगाचं बारीकसं चित्र उघडलं. एक यादी समोर आली. एकसष्ट फायली, वर, नेटवरच्या साठ्यात, जाण्यासाठी रांगेत. प्रत्येकीवर तारीख, आणि प्रत्येकीची वेळ एकच: दुपारचे चार.

बाईंनी तारखा वरपासून खालपर्यंत वाचल्या. ते त्यांचेच वर्ग होते. मुलांचे शब्द निसटतात, त्यांना मागाहून बघता यावं म्हणून त्या रोजचा तास रेकॉर्ड करत होत्या. तो आपोआप वर चढायचा. पण तास संपल्याबरोबर त्या लॅपटॉप मिटायच्या, कारण काम झालं की यंत्र मिटायचं, वीज जाळायची नाही, ही सासूबाईंची शिस्त. मग चढणं अर्ध्यात तुटायचं, आणि दुसऱ्या दिवशी चारला लॅपटॉप उघडला की जुने सगळे तास पुन्हा पहिल्यापासून निघायचे वर चढायला, आणि आजच्या तासाची वाट अडवायचे. शब्द जितके निसटत, तितक्या त्या जिवापाड रेकॉर्ड करत, आणि जितकं रेकॉर्ड करत, तितके शब्द निसटत.

"म्हणजे मीच," बाई म्हणाल्या. "माझे हात मीच बांधले होते, काका."

"अहो, नाही," काका घाईने म्हणाले. इतक्या वेळात त्यांनी घाई केली ती एवढीच. "एकसष्ट दिवस कोणी इतकं जपून ठेवतं का? एकही फाइल टाकायची नाही. फक्त वर्ग संपल्यावर पाठवायची. लॅपटॉप तेवढा उघडा ठेवा. मावशी, चालेल ना?"

"जळू दे मेली वीज," सासूबाई म्हणाल्या.

काकांनी रांग थांबवली. हिरवा दिवा शांत झाला. पुन्हा मोजलं: वीस. चारला तीन मिनिटं कमी होती. बाईंनी तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले आणि पडद्यासमोर बसल्या. काकांनी पिशवी भरली, पण ते गेले नाहीत. बूट हातात धरून दाराशी उभे राहिले. काम झालं म्हणायच्या आधी त्यांना बघायचं होतं.

नऊ चेहरे उगवले, दहावा मुख्याध्यापिकांचा. बाईंनी पुन्हा हत्तीचीच गोष्ट काढली. हत्ती निघाला, झाडी ओलांडली, नदीवर पोचला, सोंडेने पाणी उडवलं. मुलं दचकली, आणि मग नऊच्या नऊ एकदम हसली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदा एकाच क्षणी हसत होती. तासभर एकदाही काही अडकलं नाही. शेवटी मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि खुणेने एवढंच म्हणाल्या, "उद्या चारला. मुलं घरीच."

निरोप घेताना सगळ्यात लहान मुलीने बाईंना हाक मारण्यासाठी हात उचलले. दोन्ही हात छातीसमोर आले, नेहमीसारखे अर्ध्यात थांबले. मुलगी थबकली. तिने मान हलवली, जणू काही चुकलं. मग थांबलेले हात तिने पुढे नेले, बोटं उघडत उघडत, पार पडद्यापर्यंत. बाकीच्यांनी पाहिलं आणि एकामागून एक तसंच केलं.

पडदा विझला. लॅपटॉप मात्र बाईंनी मिटला नाही.

"ते शेवटी मुलं काय म्हणाली?" दारातून काकांनी विचारलं.

"माझं नाव घेतलं, काका. बदललं त्यांनी." बाईंनी त्यांना करून दाखवलं, जुनं आणि नवं.

थांबाकाकांनी बूट खाली ठेवले. दोन्ही हात छातीसमोर उचलले, अर्ध्यात धरले, आणि हळूहळू पुढे नेले. एकदा जमलं नाही म्हणून पुन्हा केलं.

"आता जातंय," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी फोन काढून साहेबांना तक्रार मिटल्याचं कळवलं.