सुताला सूत सांधणारी

कुंभकोणमच्या बस स्टँडजवळ माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी नवी होती, तेव्हा दुकानात फार गर्दी व्हायची. कामगारांचे नियम बदलत होते आणि लोक आधार कार्ड घेऊन माझ्याकडे येत होते. त्यात एक दिवस दारासुरमची एक बाई आली. पन्नाशीची असेल. सोबत सून होती.

"अक्का, काम काय करता?" मी तमिळमध्ये विचारलं.

"अम्मा काम नाही करत," सूनच बोलली. "घरीच असतात. मागावरचे धागे तेवढे जोडतात."

"म्हणजे काय करता?"

बाईने बोटं एकमेकांवर घासून दाखवली. मला काही कळलं नाही. कामांच्या यादीत असं काही सापडेना, म्हणून मी 'विणकर' निवडायला निघाले.

"नको," ती लगबगीने म्हणाली. "विणतात ते माझे यजमान. उद्या कुणी येऊन मागावर बस म्हटलं, तर मी काय करू?"

शेवटी 'विणकामाशी संबंधित इतर काम' असं काहीतरी लिहून मी तिला पाठवलं. पण ती बोटं मनातून जाईनात. पिढ्यानपिढ्या इथे राहूनही घरी आम्ही मराठी बोलतो. रात्री जेवताना सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "सांधणं म्हणावं त्याला." रविवारी मी स्कूटर काढली आणि दारासुरमला गेले.

ती एका शेजाऱ्याच्या मागाखाली मांडी घालून बसली होती. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला होता आणि नवा ताणा समोर पसरला होता. जुन्या धाग्याचं टोक, नव्या धाग्याचं टोक, बोटांना चिमूटभर राख, एक पीळ, की झाले दोन्ही एक. लगेच पुढचा धागा. असे हजारो. गाठ मारायची नाही, कारण जाड गाठ धागे विंचरणाऱ्या मागाच्या फणीत अडकते. मी तासभर बसले, एक धागा सांधून पाहिला. तिने तो हलकेच ओढला आणि तो सुटला. ती खुदकन हसली.

"या गल्लीत किती घरांत जाता?"

"पूर्वी सगळ्या. आता चार. रेशीम महाग झालं, दुकानांत यंत्रमागाच्या साड्या आल्या. मुलं साडीच्या दुकानात कामाला लागली. माग बंद झाला, की मला कोण बोलावणार?"

काही महिन्यांनी ती बँकेचं पासबुक घेऊन दुकानात आली. तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर कुणी यंत्रमागाची शेड टाकली होती. तिथेही ताणा सांधायला माणूस लागतो, म्हणून तिला बोलावलं होतं. हजेरीच्या वहीत तिचं नाव लिहिलं होतं आणि मजुरी खात्यात जमा होणार होती. मला मात्र नवल वाटलं.

"यंत्रमागामुळेच तुमचे माग बंद पडले ना? घरचे काय म्हणाले?"

"यजमान दोन दिवस बोलले नाहीत. शेजारीण तर म्हणाली, शत्रूकडे गेलीस. पण सूत ते सूतच. मला बघायचं होतं, तिथला ताणा कसा असतो ते."

"कसा असतो?"

"लांब! संपतच नाही." तिचे डोळे मोठे झाले.

वर्षभरात शेडच्या मालकाने ताणा जोडायला, फणीतून निसटेल इतकी बारीक गाठ मारणारं यंत्र आणलं. हे मला तिच्या सुनेकडून कळलं. मला वाटलं, गेलं हिचं काम. संध्याकाळी मी दारासुरमला गेले, तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाटलं. पण आधी दुपारभर त्याच्यापाशी उभी राहिले. दहा बायकांची बोटं एकदम चालावीत तसं चालतं ते. मग एका ठिकाणी धागे गुंतले आणि यंत्र थांबलं. यंत्र चालवणाऱ्या पोराला ते सोडवता येईनात. मी सोडवले. मालक म्हणाला, यंत्र चालेल त्या दिवशी येत जा, धागे सरळ करून दे."

म्हणजे काम राहिलं, पण महिन्यातले चार-पाच दिवस. बाकीचे दिवस गल्लीतल्या दोन घरांत, कारण चारची आता दोनच उरली होती. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही आणि आनंदानेही नाही.

मागच्या महिन्यात टाउन बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. पदराची दोन सुतं उसवून तिने यंत्राची गाठ कशी पडते ते मला दाखवायला सुरुवात केली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदाही चुकली.

"यंत्रातला गाठ मारणारा तो दांडा कुठून फिरतो, ते अजून मला नीट दिसलेलं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा सुतं जुळवू लागली.